चौघींच्या वयांची बेरीज

५ जानेवारी, सकाळ

शाळेचा तलाव धुवायला रिकामा केला की सिस्टर आम्हाला हॉलमध्ये नेत, लाकडी बाकांवर पालथं झोपवत आणि हवेत हात मारायला लावत. धाकटी शेजारच्या बाकावर. बाक इतके जवळ, की एकीने मन लावून हात मारला तर तो दुसरीच्या कानाखाली बसे. सिस्टर गरजत, "गर्ल्स, नो गिगलिंग!" आणि आम्ही बाकात तोंड खुपसून खुसखुसत राहू. नंतर खिडकीच्या कट्ट्यावर एका पावाचे दोन तुकडे. मोठा तुकडा तिला, ती लहान म्हणून. जॅमचा तुकडा मला, मी मोठी म्हणून. हा न्याय कोणी केला होता कोण जाणे, पण दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटायचं.

आज हे आठवायचं कारण धाकटीचा फोन. म्हणाली, "ताई, घर विकलं. तीन एप्रिलला मुलाकडे निघते, कायमची. आणि आमच्या रिलेत चौथी कमी आहे, पोहशील का?" तिन्ही गोष्टी एका श्वासात. तिचा श्वास पहिल्यापासून मोठा. मी तिसऱ्या गोष्टीला लगेच हो म्हटलं. पहिल्या दोन ऐकू आल्या नाहीत असं ठरवलं आहे.

स्पर्धा एकोणतीस मार्चला. पहिल्या तीन संघांना सप्टेंबरच्या मोठ्या स्पर्धेत प्रवेश. मी सहज विचारलं, तसं झालं तर? ती म्हणाली, "तर काय, तिकीट ढकलीन पुढे." हसत म्हणाली. पण म्हणाली.

तेव्हा ठरलं. पहिल्या तिघांत यायचंच. बाकीच्या तिघींचं मला माहीत नाही, माझ्या बाजूने काळजी नाही. शाळेत मी कप मिळवलेला आहे. (धाकटीच्या मते तो स्वच्छ वहीसाठी होता. कप तो कप.)

७ जानेवारी

पहिला दिवस. क्लबच्या तलावाच्या फरशा बदलताहेत, मार्चच्या मध्यापर्यंत पाणी नाही. आत खोल बाजूला गवंडी डबे उघडून जेवत बसलेले. म्हणून सराव वरच्या हॉलमध्ये, कोरड्यावर. याला ड्रायलँड म्हणतात. पाण्यात न उतरता पोहण्याची तयारी. मला एकदम पसंत. केस ओले होत नाहीत.

कोच म्हणजे एक कोवळी मुलगी, गळ्यात शिट्टी, सगळ्यांना काकू म्हणते. संघात मी, धाकटी, एक डेंटिस्ट आणि बँकेतून निवृत्त झालेली एक. तिला मी बँकवाली म्हणते. डेंटिस्ट आपल्या सासूबाईंनाही घेऊन येते, घरी एकट्या सोडवत नाही म्हणून. त्या भिंतीलगत खुर्चीत बसतात.

कोचने सांगितलं की पाणी मागे ढकलायचं तर आधी खांदा, पाठ आणि पोट जागेवर हवं, आणि ते जमिनीवरच तयार होतं. मग मला विचारलं, सध्या व्यायाम काय करता? मी म्हटलं, पोश्चर. कॉन्व्हेंटचा पोश्चर जन्मभर पुरतो.

नंतर प्लँक. कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर फळीसारखं धरून राहायचं. मी दातओठ खाऊन बराच वेळ टिकले. शेवटी विचारलं, किती झालं? कोच म्हणाली, "काकू, तुम्ही गुडघे उचललेत की मी घड्याळ लावते."

९ जानेवारी

हसता येत नाही. शिंकता येत नाही. धाकटीचा फोन आला तेव्हा ती हसत होती, मी नव्हते.

स्नायू विश्रांतीतच वाढतात, असं कोच स्वतः म्हणाली. सकाळपासून वाढते आहे.

१३ जानेवारी

सामान आणलं. मॅट, ओढायचे रबरी पट्टे, वजनदार मेडिसिन बॉल, पाठीखाली फिरवायचा रोलर, घोट्याला बांधायची वजनं. बैठकीच्या कोपऱ्यात मांडलं. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "दुकान कधी उघडतेस?" त्या कोपऱ्याकडे नुसतं पाहिलं तरी खांद्यात ताकद आल्यासारखी वाटते.

उद्यापासून पहाटे सहा. रोज. कारणं नाहीत.

१४ जानेवारी, सव्वानऊ

सहा ही वेळ नव्हे. सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरू केलेलं काही टिकत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सुरुवात. रबरी पट्टा स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला बांधला. कंबरेत वाकायचं आणि दोन्ही हात पाण्यातल्यासारखे मांड्यांपर्यंत ओढायचे. ओढलं. दार हललं नाही, उलट पट्टाच मला पुढे खेचू लागला. वा, म्हटलं, वस्तू दमदार आहे. आणखी जोर लावला.

दारापलीकडे हे होते. एका हातात चहाचा ट्रे, दुसऱ्या हाताने मूठ धरलेली. दार वाऱ्याने उघडतंय असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनीही जोर लावलेला. थोडा वेळ आमचं असं चाललं. मग त्यांनी मूठ सोडली. मागे सोफा होता म्हणून आज लिहू शकते आहे.

हे म्हणाले, "पोहायला निघालीस की सांगून जात जा."

या वातावरणात तयारी होणं शक्य नाही. घरचा सराव तूर्त स्थगित. हॉलमधला पुरेसा आहे.

२७ जानेवारी

हॉलमध्ये स्क्वॉट. खुर्चीत बसल्यासारखं खाली जायचं आणि उठायचं. खाली जाणं मला उत्तम जमलं. तिथे मी जरा थांबले, तर कोचला वाटलं मी जास्तीचं करतेय. तिने सगळ्यांना सांगितलं, "बघा, काकू होल्ड करताहेत!" मग हात देऊन उठवलं.

डेंटिस्टच्या सासूबाई खुर्चीतल्या खुर्चीत सगळं करतात. आम्ही उठलो की उठतात, बसलो की बसतात. माझा पट्टा मोकळा होता, तोही घेतला. बिचारीला करमत नसेल. मी गोड हसून म्हटलं, जपून हं. त्या म्हणाल्या, "अगं मुली, तू बस निवांत. बसणं तुला शोभतं."

मला मुली म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही.

५ फेब्रुवारी

आज कोचने रिलेचा क्रम लावला. डेंटिस्ट, बँकवाली, धाकटी आणि शेवटी मी. शेवटच्याला अँकर म्हणतात. संघातला सगळ्यात भरवशाचा माणूस. कोच मला म्हणाली, "तुमच्या मागे कोणी नाही, त्यामुळे घाई नाही. फक्त पोचा." अनुभवी माणसाशी असंच मोजकं बोलतात.

मग ती कागद घेऊन खिन्न बसली. म्हणाली, रिलेत गट लागतो तो चौघींच्या वयांच्या बेरजेवर. तिला दोनशे चाळीस आणि त्यावरचा गट हवा होता. तिथे गर्दी नाही. पण डेंटिस्ट चोपन्न, बँकवाली सत्तावन्न, धाकटी त्रेसष्ट आणि मी बासष्ट, मिळून दोनशे छत्तीस. चार कमी. खालच्या गटात पन्नाशीच्या बायका आहेत, धडधाकट, त्यांच्यापुढे आपला निभाव नाही. "कोणीतरी अजून मोठं शोधावं लागेल. सॉरी काकू," असं माझ्याकडे बघून म्हणाली.

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला रंगाची गरज आहे.

धाकटी म्हणाली, "ताई, तू बोलतेस की मी बोलू?"

कोच म्हणाली, "ताई हे टोपणनाव आहे ना? कारण तुम्ही त्रेसष्ट आणि या बासष्ट..."

बँकवाली खोकली. बँकेत जन्म गेला, तिला पहिल्या दिवशीच कळलं असणार.

मी म्हटलं की फॉर्म भरताना चष्मा नव्हता, आणि घाईत लिहिलेला सातही कधी कधी दोनसारखा दिसतो. कोच ओरडली, "सदुसष्ट? काकू! तुम्ही सदुसष्ट आहात?" आणि तिने मला मिठी मारली. दोनशे एकेचाळीस! डेंटिस्टने टाळ्या वाजवल्या. माझ्या वयाने आजवर कोणाला इतका आनंद झालेला नाही, मी जन्मले तेव्हाही नसेल.

कोच म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून टीम आहे." शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते आहे. अनुभवाला पर्याय नाही, हे या पिढीला कळतं आहे.

१७ फेब्रुवारी

टेकओव्हरचा सराव. नियम असा की पाण्यातलीने भिंतीला हात लावल्याशिवाय वरच्या बाईचे पाय काठावरच्या उडीच्या ठोकळ्यावरून सुटता कामा नयेत. सुटले तर संपूर्ण संघ बाद. पाणी नाही म्हणून हे कोरड्यावर. मी बुटक्या स्टुलावर उभी, पुढे मॅट. धाकटी हॉलच्या त्या टोकाकडून हात फिरवत चालत येते आणि माझ्या बाजूच्या भिंतीला तळवा टेकते. मग मी उडी मारायची.

मी दर वेळी आधीच उडी मारली. कोच म्हणाली, "काकू, त्यांना पोचू तरी द्या!" मी म्हटलं, तीच रेंगाळत येते. धाकटी म्हणाली, "मी धावत येऊ का मग? धावत पोहतात?" पुन्हा केलं. पुन्हा तेच. ती हात फिरवत माझ्याकडे येताना दिसली की माझ्या पोटऱ्यांना काहीतरी होतं.

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अगं मुली, ती येतेय ना? मग तू पळतेस कुठे?"

स्टुलाचा एक पाय डगमगतो. कोचला सांगायला हवं.

२३ फेब्रुवारी

धाकटीकडे गेले होते. अर्धं घर गेलं. भिंतीवर जिथे फ्रेमा होत्या तिथे फिके चौकोन. सोफा नवीन मालकाला दिला, म्हणून आम्ही खोक्यांवर बसलो. उरलेल्या दोन कपांत चहा. एका कपाला दांडी नाही. तो तिने घेतला.

चहा होईपर्यंत तिला दाखवावं म्हणून मी रिकाम्या खोलीत टाचा उंचावण्याचा व्यायाम केला. खोली घुमत होती, गुडघ्यांचा आवाज मोठा वाटला. तिने विचारलं, "घरी करतेस?" मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, म्हणजे काय. तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, तुला झेपत नसेल तर सांग. मी उगीच ओढलं तुला यात."

झेपत नसायला काय झालं? पण घरी येताना रस्त्यात दोनदा थांबले, चढ नसताना.

ताई म्हणणारं तिच्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही. बाकी सगळीकडे मी काकू, आजी, मॅडम, नाहीतर अगं. ती गेली की ताई ही बाई संपलीच.

पहिल्या तिघांत यायचं. सप्टेंबर. सप्टेंबरनंतरचं सप्टेंबरात बघू.

१ मार्च, रविवार, दुपार

आज अंग झटकून कामाला लागले. जानेवारीपासून जे जे राहिलं होतं ते सगळं आज भरून काढायचं. बाल्कनीच्या कठड्याला दोन्ही पट्टे बांधले, कारण एकाने होणारी प्रगती सावकाश असते. मेडिसिन बॉल डोक्यावरून. बाकावर चढ-उतार. पुन्हा पट्टे. हे दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास केल्यासारखं काय करतेस?" मी म्हटलं, तशीच तर मी बी.ए. झाले.

शेवटच्या ओढीला उजव्या खांद्यात टक् असा आवाज आला. स्नायू मोकळा झाला असावा. कोच म्हणालीच होती, खांदा मोकळा हवा.

२ मार्च

हात कानाच्या वर जात नाही. कानापर्यंतही जात नाही. खरं तर जिथे आहे तिथेच आहे.

यांनी माझे केस विंचरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. भांग तिरका पाडला. कंगवा मात्र खूप हळू फिरवला.

४ मार्च

खांद्याचे डॉक्टर म्हणाले, आतला एक स्नायूबंध अर्धा फाटला आहे. झोळी बांधा, सहा महिने पोहणं बंद. मी विचारलं, आणि तलावाची एकच फेरी? पटकन जाऊन आले तर? ते माझ्याशी न बोलता यांच्याशी बोलू लागले.

डॉक्टरांना सगळ्यांनाच सहा महिने सांगावे लागतात. पोश्चर चांगला असलेल्यांना तीन आठवडे पुरतात.

घरी सगळ्यांना ताकीद दिली आहे. सगळे म्हणजे हे. धाकटीला एक अक्षर सांगायचं नाही.

६ मार्च

क्लबच्या फाटकापाशी झोळी काढून पर्समध्ये घातली. हॉलमध्ये सांगितलं, मान आखडली आहे, आज फक्त पायांचं करते. कोच म्हणाली, "शहाण्या आहात काकू." पाय उत्तम चालतात. पोहण्यात पायांचं महत्त्व लोक विसरतात.

सासूबाई खुर्ची सोडून मॅटवर आल्या आहेत. प्लँक करतात. गुडघे वर असतात. मी मुद्दाम वाकून पाहिलं.

१६ मार्च

तलाव उघडला. फरशा निळ्या, नवीन, पाण्याला औषधाचा वास. तिघी उतरल्या. मला सर्दी होती.

कठड्यावर बसून बघितलं. धाकटी दोन महिन्यांनी पाण्यात उतरली आणि जणू कधी बाहेर नव्हतीच अशी गेली. खांदा सहज वर येतो, हात लांब जातो, पाणी फारसं उडतही नाही. तिने घरी रोज केलं होतं. ती म्हणाली होती, आणि करतही होती. लोक असंही करतात.

भिंतीला हात लावून तिने वर पाहिलं ते आधी माझ्याकडे. मी डावा हात हलवला.

कडेच्या लेनमध्ये डेंटिस्टच्या सासूबाई पाठीवर पोहत होत्या. त्या इथल्या सकाळच्या बॅचच्या जुन्या मेंबर आहेत म्हणे. उलट्या टेबलासारख्या दिसतात. पण जातात, आणि परत येतात.

१८ मार्च

उपाय सापडला. आमची रिले फ्रीस्टाइलची, आणि फ्रीस्टाइल म्हणजे काहीही, असं कोच म्हणाली आहे. कसंही पोहा, पाठीवर, पोटावर, कशीही सुरुवात करा, चालतं. मग एका हाताने का चालू नये? मी बुटक्या बाकावर पालथी पडून डाव्या हाताने सराव केला. लय सापडली. हे म्हणाले, "बाक गोल फिरतोय."

फरशी गुळगुळीत आहे म्हणून.

२० मार्च, सकाळ

कोणी यायच्या आत तलावावर गेले. उथळ बाजूने उतरले. थंड पाणी खांद्याला लागलं तेव्हा वाटलं, झालं, बरा झाला. पाय मारले, डावा हात मारला. माणूस खरंच गोल फिरतो. पुन्हा सरळ झाले. लेनची दोरी धरली. दोरीला धरून थोडं गेले. मग नुसतीच धरून राहिले.

जीवरक्षक काठावरून म्हणाला, "आजी, कोणाची वाट बघताय का?" मी म्हटलं, हो.

२१ मार्च

कोच म्हणाली, नावं पंचवीस तारखेपर्यंत बदलता येतात. त्यानंतर चौघींपैकी एक जरी उतरली नाही तरी संघ बाद. मग माझ्याकडे बघून, "आपल्याला काय बदलायचंय? काकू आहेत म्हणून तर आपला गट आहे."

सर्दी, मान, गुडघा, पाहुणे. कारणं संपत आली आहेत. शाळेत असताना याच चार कारणांवर वर्ष निघायचं.

रात्री जेवताना यांना विचारलं, तुमचं काय मत? हे म्हणाले, "मी दार सोडलं तेव्हा तू पडलीस. आता मी काही सोडत नाही, काही धरत नाही. तूच बघ." बरोबर बोलतात तेव्हा हे अगदी सोसवत नाहीत.

मी पाण्यात उतरले नाही तर धाकटी उतरू शकत नाही. आणि मी उतरले तर दोरी धरून उभी राहणार. कसंही मांडलं तरी उत्तर एकच येतं. दोन दिवस मांडते आहे.

२४ मार्च

आज सांगितलं. म्हणजे बोलले नाही. काठावर सगळ्या जमल्या होत्या. पर्समधून झोळी काढली आणि गळ्यात घातली. एका हाताने नीट बसत नव्हती.

कोचच्या हातातली शिट्टी सुटली. बँकवालीने मनातल्या मनात बेरीज केली, ओठ हलताना दिसले. म्हणाली, "तिघींचे एकशे चौऱ्याहत्तर. निदान सहासष्टची बाई पाहिजे. उद्यापर्यंत. कुठून आणायची?" डेंटिस्ट म्हणाली, "जाहिरात देऊ? वय पाहिजे, पोहणं दुय्यम?" आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावली.

तर हे असं होतं. फेब्रुवारीपासून. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. कोचने मिठी मारली होती ती सदुसष्टला.

मी कडेच्या लेनकडे पाहिलं. उलटं टेबल येत होतं. मीच म्हटलं, सासूबाईंना विचारा.

डेंटिस्ट म्हणाली, "आईंना? त्यांना पाठीवरच येतं!" कोच म्हणाली, "चालतं!" सासूबाईंनी भिंत धरली, कानातलं पाणी काढलं आणि म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर आहे मी. इतके दिवस समोर बसलेय, कोणी विचारलं का?" कोच काठावर गुडघ्यांवर बसली आणि तिथूनच त्यांच्या ओल्या डोक्याचा मुका घेतला. माझ्या वेळी नुसती मिठी होती.

धाकटी माझ्या मागे आली, झोळीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. जरा जास्तच घट्ट. रागाने असेल. मग म्हणाली, "कधीपासून?" मी म्हटलं, एक मार्च. ती म्हणाली, "तुला यात ओढायची माझी मुळीच इच्छा नव्हती, ताई. मला फक्त तू रोज भेटावीस असं वाटत होतं. जायच्या आधी." एवढं म्हणून गॉगल लावला आणि पाण्यात गेली. आत गेल्यावर लगेच पोहली नाही.

रोज भेटायचं होतं तर तसं सांगायचं. चहाला आले असते. त्याला स्क्वॉट कशाला लागतात?

२९ मार्च, संध्याकाळ

आमच्या गटात तीनच संघ होते.

पुन्हा लिहिते, कारण मला ते अजून पचलेलं नाही. तीन संघ. पहिले तीन पुढे. म्हणजे चौघी पोचल्या, कोणी आधी उडी मारली नाही, एवढं पुरे होतं. कोचला हे आधीपासून माहीत होतं. म्हणूनच "फक्त पोचा".

डेंटिस्ट बरी गेली, बँकवाली जपून गेली, धाकटी सुंदर गेली. तिने भिंतीला हात लावला तेव्हा बाकीचे दोन संघ संपत आले होते. सासूबाई पाण्यातच थांबल्या होत्या, निघाल्या पाठीवर, छताकडे बघत. दुसऱ्या संघांच्या बायका बाहेर आल्या, अंग पुसलं, कपडे बदलायला गेल्या, परत आल्या. सासूबाई जातच होत्या. हळूहळू सगळी गॅलरी उभी राहिली. मी इतकी ओरडले की आता घसाही गेला. त्या पोचल्या, भिंतीला डोकं लागलं, "आई गं" म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या.

मी धाकटीला म्हटलं, म्हणजे सप्टेंबर! ती ओलीच होती, मला बिलगली. मग म्हणाली, "ताई, घराचा ताबा परवा द्यायचाय. सप्टेंबरपर्यंत राहू कुठे?" मी म्हटलं, माझ्याकडे. ती म्हणाली, "तुझ्याकडे मेडिसिन बॉल राहतो." हसलो. मी खूप वेळ हसले, म्हणजे तिला थांबता येऊ नये म्हणून. पण थांबली. म्हणाली, मुलगा वाट बघतोय, तिकीट तेच ठेवते. सप्टेंबरात आठ दिवस येईन, पोहीन आणि परत जाईन.

तिकीट पुढे ढकलीन म्हणाली होती तेव्हा हसत म्हणाली होती. ते मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. वाचलं मात्र नाही.

कोच येऊन म्हणाली, "काकू, सप्टेंबरसाठी सासूबाईच राहतील. तुम्ही राखीव." मी विचारलं, राखीवने काय करायचं असतं? ती म्हणाली, "कोरडे कपडे धरून बसायचं."

१ एप्रिल

कोपरा आवरायचा आहे. एका हाताने होत नाही, यांना सांगून ठेवते. कोणाला काय द्यायचं ते असं:

मॅट सासूबाईंना. त्यांची कंबर हाडकुळी आहे, हॉलमधली मॅट पातळ पडते.

घोट्याची वजनं बँकवालीला. पिशवीतून नेऊ नयेत, घालूनच न्यावीत असं सांगावं.

रोलर डेंटिस्टला. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडावर वाकून तिची पाठ जाते.

रबरी पट्टे, दोन्ही, कोचला. दुसऱ्या कोणा बाईला देताना आधी एकच द्यावा.

मेडिसिन बॉल यांना. ते तीन महिने त्यावर पाय ठेवून पेपर वाचताहेत, आता उघडपणे वाचावा.

माझा गॉगल आणि टोपी, दोन्ही न वापरलेली, जीवरक्षकाकडे ठेवावीत. कोणीतरी विसरून येतं.

धाकटीला यातलं काही नाही. परवा विमानतळावर काहीही घेऊन जायचं नाही, डबा नाही, पिशवी नाही. एक हात झोळीत आहे. दुसरा तिला द्यायचा आहे.